वेल मांडवावर गेला, घड कुठे गेले?

प्रश्न : आमच्या पिंपळनेरच्या घरी चार वर्षांपूर्वी सटाण्याहून आणलेलं द्राक्षाचं कलम लावलं. आज त्याने अंगणातला अख्खा मांडव झाकला आहे. सावली इतकी दाट, की भर मे महिन्यात दुपारी आम्ही तिथे बाज टाकून बसतो. पण घड? मांडवावर आजवर एकही नाही. यंदा पहिल्यांदा चार आले, तेही गच्चीच्या कठड्यावर चढलेल्या फांदीला, आणि मणी हरभऱ्याएवढे. शेजारचे काका म्हणतात, वेल नर आहे, काढून टाका. आमचे हे म्हणतात, खत कमी पडतंय. म्हणून दर महिन्याला मूठभर युरिया चालू आहे. ताहाराबादचे पाहुणे म्हणतात, वर्षातून दोनदा छाटा. मी एकदा फांदी कापून पाहिली, तर टपटप पाणी गळायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, वेल रडतोय, हात लावू नको. आंब्याला, चिंचेला कुणी वर्षातून दोनदा छाटत नाही, मग द्राक्षालाच का? आणि नाशिककडे ऑक्टोबरात छाटतात, बागलाणात त्याच्या बरंच आधी, हे कसं काय?
— एक वाचक भगिनी, पिंपळनेर

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे, आणि ते तुम्ही जाता जाता लिहून टाकलं आहे. चार घड आले ते ‘गच्चीच्या कठड्यावर चढलेल्या फांदीला’. त्या फांदीला असं काय मिळालं, जे मांडवावरच्या फांद्यांना मिळालं नाही? ऊन. तुम्ही ज्या दाट सावलीत बाज टाकता, तीच सावली तुमची द्राक्षं खाते आहे. पण ते नीट कळायला आधी दोन गैरसमज बाजूला करू.

पहिला काकांचा. पपईत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, म्हणून हा संशय कुणालाही येईल. रानातल्या जंगली द्राक्षांतही तसं असतं. पण माणसाने हजारो वर्षं निवडून लावलेल्या खाण्याच्या द्राक्षांत एकाच फुलात दोन्ही अंगं असतात. आणि तुमच्या वेलाला चार घड आलेच आहेत. नर वेलाला एकही आला नसता.

तरी काकांच्या शंकेत एक धागा खरा आहे, तो तपासून पाहा. आपल्याकडे द्राक्षाचं कलम बहुधा डॉगरिज नावाच्या अमेरिकन रानवेलाच्या खुंटावर बांधतात, कारण त्याची मुळं कमी पाणी आणि खारट जमीन सोसतात. हा खुंट फार जोमदार. कलमाच्या गाठीखालून त्याला फूट आली आणि ती कुणी काढली नाही, तर दोन-तीन वर्षांत तीच मांडव बळकावते आणि थॉमसनसारखी गोड जात मागे पडते. जमिनीपासून वर बघत जा. खोडावर कलमाची गाठ दिसेल. तिच्याखालून निघालेली फांदी असेल आणि तिची पानं कठड्यावरच्या फांदीच्या पानांपेक्षा वेगळ्या घडणीची असतील, तर ती बुडातून काढून टाका.

आता सासूबाईंची शंका. कापलेल्या टोकातून गळतं ते रडणं नाही. वेल वाढीच्या तयारीत असला, जमिनीत ओल असली, की मुळं खालून पाणी दाबाने वर ढकलतात. वर पानं असतील तर ती ते उडवून टाकतात. टोक उघडं असेल तर तिथून गळतं. काही दिवसांत आपोआप थांबतं आणि वेलाचं त्यात नुकसान काही नाही. छाटणीआधी चार-पाच दिवस पाणी तोडलं तर गळणंही कमी होतं. सासूबाईंना हे सांगून मग कात्री हातात घ्या.

मूळ मुद्दा आता. आंब्याचा मोहोर आपल्याला झाडावर दिसतो आणि काही महिन्यांत फळ येतं. द्राक्षाचा घड मात्र आपल्याला दिसण्याच्या चार-पाच महिने आधी तयार झालेला असतो, डोळ्याच्या आत. बागायतदार ‘डोळा’ म्हणतात तो पानाच्या बेचक्यातला कोंब. हिरव्या काडीवर प्रत्येक पानाशी असा एक डोळा असतो आणि त्यात पुढच्या फुटीचं सगळं सामान घडी घालून ठेवलेलं असतं. इवलीशी पानं, इवलासा शेंडा, आणि एक छोटासा उंचवटा. या उंचवट्याचं काय होणार हे सुरुवातीला ठरलेलं नसतं. तो घड होऊ शकतो किंवा बाळी होऊ शकतो. बाळी म्हणजे वेल ज्याने तारेला, काठीला वेटोळं घालतो तो दोरा. घड आणि बाळी ही एकाच अवयवाची दोन रूपं आहेत. खात्री करायची असेल तर पुढच्या हंगामात वेल निरखून पाहा. एखाद्या बाळीला दोन-चार मणी लोंबताना दिसतील. ते म्हणजे अर्ध्यावर बदललेला निर्णय.

हा निर्णय कशावर ठरतो? मुख्यतः उन्हावर. डोळ्याच्या आसपास भरपूर ऊन पडलं, काडीत अन्नाचा साठा झाला, वाढीचा वेग बेताचा राहिला, तर उंचवटा घडाकडे वळतो. ढगाळ हवा, सावली, अति पाणी, अति नत्र, सुसाट वाढ, यातलं काही झालं तर तो बाळीकडे वळतो. मांडवावर पानांचे तीन-चार थर साचले, की वरचं पान बहुतेक ऊन घेऊन टाकतं, दुसऱ्या थराला उष्टं मिळतं आणि तिसऱ्याला जवळपास काहीच उरत नाही. खालच्या काड्यांवरचे सगळे डोळे मग बाळ्यांचेच. तुमचा मांडव हिरवागार आहे, पण तो बाळ्यांचा मांडव आहे. कठड्यावरची फांदी एकटी उघड्यावर गेली, तिला दिवसभर ऊन मिळालं, तिच्या चार डोळ्यांत घड ठरले.

यातच युरियाचंही उत्तर आलं. युरिया म्हणजे नुसतं नत्र. त्याने पानं वाढतात, पेरं लांबतात, सावली आणखी दाट होते. घरच्यांना म्हणावं, खत कमी पडलेलं नाही, उलट फार झालं आहे. यंदा युरिया पूर्ण बंद करा. छाटणीच्या वेळी दोन-तीन पाट्या चांगलं कुजलेलं शेणखत पुरे. चुलीची राख असेल तर तीही थोडी घाला, कारण काडी पक्व व्हायला पालाश लागतं आणि राखेत ते असतं.

मग छाटणी कशाला, आणि दोनदाच का? द्राक्ष मुळात थंडीच्या मुलखातलं. फ्रान्स-इटलीत हिवाळ्यात त्याची पानं गळतात, वेल झोपतो. त्या झोपेत वर्षातून एकदा छाटतात. वसंतात फूट येते, उन्हाळ्यात ती फळं पोसते आणि त्याच वेळी तिच्या डोळ्यांत पुढच्या वर्षीचे घड ठरतात. दोन कामांच्या मध्ये थंडीची झोप असल्यामुळे गोंधळ होत नाही. आपल्याकडे वेलाला झोप लागेल अशी थंडीच नाही. तो बाराही महिने हिरवा राहतो आणि शेंड्याकडेच पळत सुटतो. टोकाचा डोळा आधी फुटतो, मागचे दबून राहतात. दरवर्षी फूट पुढे पुढे सरकते, खोडाजवळचा भाग उघडा पडतो आणि शेवटी वेल शेजारच्या घरावर जातो. न छाटलेल्या वेलाची ही ठरलेली गोष्ट आहे. जे काम तिकडे थंडी करते, ते इथे कात्रीने करावं लागतं.

पहिली छाटणी एप्रिलची. तिला खरड छाटणी म्हणतात, आणि नाव अगदी योग्य आहे. गेल्या हंगामातल्या सगळ्या काड्या ओलांड्यावर, म्हणजे मांडवावर पसरलेल्या जाड कायमच्या फांद्यांवर, एक-दोन डोळे ठेवून कापून टाकायच्या. ही छाटणी फळासाठी नसून काडीसाठी असते. पंधरवड्यात नवी फूट येते आणि साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या दरम्यान तिच्या डोळ्यांत घडाचा निर्णय होतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छाटलं तर हा काळ मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत येतो. आकाश निरभ्र, ऊन कडक. छाटणी मेअखेरीपर्यंत लांबली तर तोच काळ जुलैत पडतो, म्हणजे ढगांत. वेल तोच, कात्री तीच, पण घड नाहीत.

दुसरी छाटणी ऑक्टोबरची, पाऊस परतल्यावर. तिला गोडी छाटणी किंवा फळछाटणी म्हणतात. एप्रिलनंतर तयार झालेल्या, आता तपकिरी आणि टणक झालेल्या काड्या शेंड्याकडून कापायच्या, म्हणजे ज्या डोळ्यांत घड आहेत ते फुटतात. या वेळी घड बनत नाही, आधीच बनलेला घड बाहेर येतो. एप्रिलची छाटणी चुकलेली असेल, तर ऑक्टोबरात कितीही कसबाने कात्री चालवा, नसलेला घड बाहेर येणार नाही.

दोन छाटण्या, मग दोन पिकं का नाहीत, असंही तुमच्या मनात येईल. तामिळनाडूत थेणीकडच्या बागांतून दोन वर्षांत पाच पिकं घेतात. आपल्या दौलताबादची द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं चौदाव्या शतकात इब्न बतूताने लिहून ठेवलं आहे, म्हणजे वेलाची ताकद आहे. पण एप्रिलच्या फुटीवर फळ धरलं तर ते पावसाळ्यात पिकणार, आणि आपल्याकडच्या पावसात ते सडतं, तडकतं, आंबट राहतं. म्हणून महाराष्ट्रातल्या बागायतदारांनी ते पीक सोडून दिलं आणि तो हंगाम काडी घडवायला राखला. दोन छाटण्या आणि एक पीक, हा हिशेब असा आला.

बागलाणचं कोडंही इथेच सुटतं. शेलबारीचा घाट उतरलं की सटाण्याकडे ‘अर्ली’ द्राक्षांच्या बागा लागतात. तिथे खरड छाटणीही आधी उरकतात आणि फळछाटणी जुलै-ऑगस्टमध्ये घेतात. माल डिसेंबरच्या सुमारास तयार होतो, नाशिकचा लोंढा येण्याआधी, म्हणून भाव चांगला. पण फुलोऱ्याच्या वेळी परतीचा पाऊस डोक्यावर असतो आणि डाऊनी या बुरशीच्या रोगाने एका रात्रीत घड जातात. ज्यांचं घर त्यावर चालतं ते ही जोखीम पत्करतात. तुम्हाला बाजार गाठायचा नाही, तेव्हा ऑक्टोबरच ठेवा.

‘खानदेशच्या उन्हात द्राक्ष येत नाही’ हेही तुम्ही ऐकलं असेल. घड ठरायला ऊन लागतं, हे आता तुमच्या लक्षात आलं. कडक उन्हाने खरा त्रास होतो तो छाटणीनंतर. उघड्या ओलांड्यांवरचे डोळे सुकतात, फूट मागे-पुढे येते. म्हणून आपल्या भागात मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच छाटून घ्यावं, आणि फूट निघेपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ ओलांड्यांवर पाण्याचा शिडकावा करावा. उन्हापेक्षा थंडीची काळजी जास्त. डिसेंबर-जानेवारीत धुळे जिल्ह्यात पारा एकदम खाली येतो. मण्यात पाणी उतरण्याच्या वेळी अशी लाट आली तर मणी तडकतात. त्या काळात पाणी थोडं थोडं आणि नियमित द्या. आठवडाभर कोरडं ठेवून एकदम पाट सोडू नका.

आता तुमची खरी अडचण. एप्रिल-मे हेच सावलीचे दिवस आणि मी नेमका तेव्हाच मांडव बोडका करायला सांगतो आहे. तुमच्या जागी मी असतो तर वेलाची वाटणी केली असती. एका बाजूचे ओलांडे फळासाठी राखा, दुसरी बाजू सावलीसाठी सोडा. घडाचा निर्णय ज्या त्या डोळ्याच्या आसपासच्या उन्हावर असतो, त्यामुळे अर्धा वेल उन्हात आणि अर्धा दाट ठेवला तरी फळाची बाजू फळ देते. फळाच्या बाजूला महिनाभर जुनी साडी बांधायचा मोह होईल, पण ती वेलाच्या वर नको, खाली बांधा. मेच्या मध्याला तिथेही पानं येतात.

फूट चार-पाच पानांची झाली की विरळणी करा. एकाच जागी तीन फुटी आल्या तर एक ठेवा. उरलेल्या काड्यांत चार बोटांचं अंतर राहू द्या. फळ आणि सावली दोन्हींचा लोभ नेमका इथे नडतो, हात आखडतो. पण हे काम मन घट्ट करून करायचं. उरलेल्या काडीला सात-आठ पानं आली की शेंडा खुडा. वरच्या डोळ्यातून बगलफूट निघेल, तीच पुढे काडी म्हणून वाढवा. बागायतदार हिला सबकेन म्हणतात. खुडल्याने धावणारी वाढ क्षणभर थांबते, अन्न डोळ्यांकडे वळतं आणि खुडलेल्या गाठीजवळचे डोळे सर्वांत फळदार होतात. मेअखेरीपासून पाणी थोडं हात राखून द्या.

दाटी योग्य आहे की नाही हे पाहायला कुठलंही यंत्र नको. भर दुपारी मांडवाखाली उभं राहून जमिनीकडे बघा. ठिपक्या-ठिपक्यांचे कवडसे पडलेले दिसले पाहिजेत. जमीन पूर्ण काळोखी दिसली तर पानं आणि बगलफुटी काढा.

ऑक्टोबरच्या छाटणीत एक चूक फार होते. माणसं गुलाबासारखी छाटणी करतात, बुडाशी दोन डोळे ठेवून. थॉमसन आणि तिच्यापासून निघालेल्या तास-ए-गणेश, सोनाका यांसारख्या जातींत बुडाचे पहिले दोन-तीन डोळे बहुधा वांझ निघतात. एप्रिलला दोन डोळ्यांवर कापणं बरोबर, कारण तेव्हा नुसती काडी हवी असते. ऑक्टोबरला मात्र गाठीच्या पुढे एक-दोन डोळे ठेवून कापा, आणि काडी सरळ वाढलेली असेल तर सहा ते आठ डोळ्यांवर. बागांमध्ये नंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात. ते विषारी आहे. ते हाताळणाऱ्याने आधी-नंतर दारू घेतली तर जिवावर बेतू शकतं. घरात ते आणूच नका. त्याऐवजी छाटलेली काडी आडवी वाकवून तारेला बांधा. टोकाच्या डोळ्याची दादागिरी कमी होते आणि मागचे डोळेही फुटतात.

रोगांचं थोडक्यात. पानाच्या वर तेलकट पिवळे डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली तर डाऊनी, ज्याला आपल्याकडे केवडा म्हणतात. पानावर राख भुरभुरल्यासारखी दिसली तर भुरी. डाऊनीसाठी घरच्या घरी बोर्डो मिश्रण करता येतं. याचा शोध मोठा गमतीचा. फ्रान्समधल्या बोर्दो भागात वाटसरू रस्त्याकडेची द्राक्षं तोडत, म्हणून बागवाल्यांनी वेलांवर मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडलं. केवड्याने बागा गेल्या, पण हे रस्त्याकडेचे वेल तेवढे हिरवे राहिले. मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाने ते हेरलं आणि 1885 मध्ये हे औषध जगापुढे मांडलं. एक लिटरला दहा ग्रॅम मोरचूद आणि दहा ग्रॅम चुना. दोन्ही प्लास्टिकच्या किंवा मातीच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा. लोखंडाचं भांडं नको. मिश्रणात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडा वाढवा. मिश्रण त्याच दिवशी वापरा. दोन्ही छाटण्यांनंतर खोडावर आणि ओलांड्यांवर ते फवारा. पिकत आलेल्या घडांवर नको.

राहिले हरभऱ्याएवढे मणी. त्यात वेलाचा दोष नाही. मणी फुगवणारं जिबरेलिन नावाचं द्रव्य मुख्यतः बीत तयार होतं, आणि थॉमसनसारख्या जातींत बी सुरुवातीलाच खुंटते. म्हणून बागायतदार बाहेरून जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात घड बुडवतात. बाजारातली द्राक्षं लांबट आणि टपोरी दिसतात ती या बुडवणीने आणि घडातले बरेचसे मणी कात्रीने विरळ केल्याने. ‘इंजेक्शनची द्राक्षं’ म्हणून जे बोललं जातं त्याचं मूळ बहुधा हेच असावं. तसं इंजेक्शन कुणी देत नाही. घरी तुम्ही विरळणी तेवढी करा. मणी ज्वारीएवढे झाले की घडातले निम्मे मणी बारीक कात्रीने काढा, उरलेले बरेच भरतील. आणि घड पूर्ण गोड झाल्यावरच तोडा. आंबा आढीत पिकतो, द्राक्ष तोडल्यानंतर कणभरही गोड होत नाही.

तेव्हा ताई, येत्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात धारदार कात्री घ्या आणि निदान अर्धा मांडव खरडून काढा. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात दुसरी छाटणी करा. त्यानंतर तीन आठवड्यांनी, दिवाळीच्या आसपास, रोज सकाळी नव्या फुटीचं चौथं-पाचवं पान उचलून पाहा. पानासमोर हिरव्या मोहरीच्या दाण्यांचा इवलासा तुरा दिसला तर तो घड. तिथे नुसता दोरा दिसला तर ती बाळी, आणि मग मे महिन्यात त्या जागी कवडसे पडत होते का, ते आठवून आम्हाला जरूर कळवा.